बारशाआधीची पोरं

बाहेरकाठ्याच्या कामाला घरटी एक माणूस द्यायचा, ही खारेपाटातल्या त्या गावाची जुनी रीत. बाहेरकाठा म्हणजे धरमतरची खाडी आणि भातशेती यांच्यामधला मातीचा बांध. तो फुटला की उधाणाचं खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही. बाकीच्या घरांतून कामाला बापये येतात. बाळाजीच्या घरातून त्याची बायको आवडाबाई येते. बाळाजी उभा जन्म ट्रकवर, घरी असायचा कधी? आता तो घरी बसला आहे, तरी आवडाबाईच जाते, कारण चिंबोऱ्यांची बिळं तिच्याइतकी नीट कुणाला बुजवता येत नाहीत.

चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बांधात बीळ करते, त्यातून पाणी झिरपू लागतं आणि बोटभर धारेची बघता बघता खांड पडते, बांधच फुटतो. बिळाचं नुसतं तोंड लिंपून भागत नाही. कोपरापर्यंत हात घालायचा, बीळ कुठवर गेलंय ते चाचपायचं आणि पेंढा घालून मळलेला चिखल आतून ठासत बाहेर यायचं.

“वरवर काय लिंपतंस, विनेश?” ती तरण्या पोरांना बांधावरूनच ओरडते. “चिंबोरी काय तुझी सासू हाय, पुढच्या दारानं यायला?”

“हात चावला म्हंजे, काकी?”

“चावू दे. लगीन झालेला हात हाय तुझा, सवय असंल.”

सगळा बांध हसतो. पण तिच्या वयाच्या बाया हसत नाहीत. आवडाबाई दरवर्षी या कामाला हट्टानं का येते, हे त्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबर १९९० मध्ये आवडाबाई चोवीस वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना होता. बाळाजी ट्रक घेऊन गुजरातेत गेलेला. घरटी एक माणूस म्हणून तीच बांधावर गेली आणि दोन दिवस बिळं बुजवून आली. सात फेब्रुवारीला मुलगा झाला. अंगानं भरलेला, दूध ओढणारा. पण दोन दिवस झाले तरी त्याला शी होईना. तिसऱ्या दिवशी पोट ताशासारखं ताणलं आणि तो हिरवं ओकू लागला. सुईणीनं एरंडेल चाटवलं. सासू म्हणाली, “वाट बघू, हुईल.” चौथा दिवस वाट बघण्यात गेला. पाचव्या दिवशी, पाचवी पुजायची तयारी व्हायच्या आत, तो गेला. मोठा दीर येसाजी त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. कुठं पुरलं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारायचं नसतं असं तिला सांगण्यात आलं.

बारशाआधी गेलेलं पोर. त्याला नाव नाही, त्याचं दहावं-तेरावं नाही, आणि ‘तुला पोरं किती?’ असं कुणी विचारलं तर ते धरायचं नाही. ही रीतही जुनीच.

पण दोष मात्र धरला गेला. “दिवसांत असून भोकं बुजवलीस,” सासू म्हणाली. “खाडीनं तुझ्या पोराचं बुजवलं.” वाक्य एकदाच म्हटलं, पण गावानं ते पाठ केलं.

आवडाबाईला ते पटलं नाही आणि पुसताही आलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, ऑक्टोबर आला, तशी ती सहाव्या महिन्यात पदर खोचून निघाली. सासू उंबऱ्यात आडवी बसली. आवडाबाई मागच्या दारानं गेली. त्या वर्षी तिनं एकटीनं एकोणतीस बिळं बुजवली. जानेवारी १९९३ मध्ये प्रज्योत जन्मला आणि जन्मल्यावर तिसऱ्या तासाला त्यानं सुईणीचं लुगडं शीनं भरवून टाकलं. आवडाबाईनं ते लुगडं बाळंतखाटेवरून उठून स्वतः धुतलं आणि रस्त्याकडच्या कुंपणावर, सगळ्या आळीला दिसेल असं वाळत घातलं.

पण गेला तो तिच्यामुळे गेला, जगला तो देवाच्या कृपेनं जगला. गावाला ही वाटणी सोयीची होती. तेव्हापासून आवडाबाईनं एक वर्षही बांध चुकवला नाही.

प्रज्योतचं लग्न २०२१ मध्ये झालं. सून नेत्रा नागावची, बी.एस्सी. झालेली, तिच्या माहेरी पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देण्याचा धंदा. ती एका केमिकल कंपनीत पॅकिंग खात्यात होती. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची. आवडाबाई तिचा डबा भरून द्यायची. जावाजावांसारख्या दोघी भांडायच्या आणि जावाजावांसारख्याच हसायच्या.

२०२३च्या ऑक्टोबरात नेत्राला आठवा लागला होता. रविवार होता, सासूबरोबर ती बांधावर आली, प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसली आणि गंमत म्हणून चिखलाचे चार गोळे उचलून सासूच्या हातात दिले. तेवढंच. पण येसाजी पलीकडच्या उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दाराशी, उभा होता. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

नऊ डिसेंबरला, शनिवारी, अलिबागच्या एका दवाखान्यात नेत्राला मुलगा झाला. रविवार गेला, शी झाली नाही. सोमवारी सकाळी आवडाबाई डबा घेऊन पोचली तेव्हा बाळाच्या ओठाला हिरवट ओघळ होता. तिनं दुपटं बाजूला करून पोटावर बोटं ठेवली. हे पोट तिनं तेहेतीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. डबा खाली ठेवून ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

“लहान पोरांचा सर्जन पाहिजे, आजच,” डॉक्टर बाळाला तपासून म्हणाले. “मुंबईला न्या. चिठ्ठी लिहितो.”

पायरीवर येसाजी भेटला. घरातला कर्ता माणूस, तब्येत विचारायला आला होता.

“एवढ्याला मुंबई? आवडे, ओली बाळंतीण हाय ती. घुटी दे, देवाला सांग, दोन दिस वाट बघ.”

“भावजी, मागल्या येळी पाच दिस वाट बघली,” ती चालता चालता म्हणाली. “तुमीच नेलात ना त्याला? मंग आता वाटेतून व्हा.”

वडखळच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून ॲम्ब्युलन्स मांडव्याला नेऊन गाडी चढवायच्या बोटीत घातली. आत नेत्रा आडवी, तिच्या उशाशी प्रज्योत. तासभर समुद्र. बोटीवर मुंबईचे सुट्टीकर फोटो काढत होते. आवडाबाई ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारात पाय रोवून बसली होती आणि बाळाच्या छातीवरची नजर तिनं धक्का येईपर्यंत काढली नाही.

मुंबईच्या इस्पितळात तपासण्या झाल्या, आतड्याचा तुकडा काढून बघितला. सर्जन तरुण होता, शांतपणे बोलला. आतडं पूर्ण आहे, रस्ताही आहे, पण शेवटच्या भागात आतडं हलवणाऱ्या नसांच्या पेशीच नाहीत. त्यामुळे तो भाग मल पुढं ढकलत नाही. आता पोटावर तात्पुरती वाट काढायची, तिथं पिशवी लावायची. काही महिन्यांनी तो मुका भाग कापून चांगलं आतडं खाली जोडायचं. मुलं जगतात, शाळेत जातात, क्रिकेट खेळतात.

“जगतात?” आवडाबाईनं पुन्हा विचारलं.

“वेळेवर आली तर. तुम्ही आणलंत.”

नर्स कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: नेत्राचं बाळ, पुरुष.

“असं न्हाय,” आवडाबाई म्हणाली. “नाव लिवा.”

“आई, बारावा कुठं झालाय अजून?” प्रज्योत गोंधळला. “काकांना विचारतो. ते पंचांग—”

“तुझा काका नाव द्यायला येत न्हाय रे. नाव नसलेल्याला उचलून न्यायला येतो.” मग ती सुनेकडे वळली. “नेत्रा, तू ठरवलंवतंस ना काय?”

नेत्रा स्ट्रेचरवर पडून होती. “मितेश,” ती म्हणाली.

“लिवा. मितेश प्रज्योत. मोठ्या अक्षरात लिवा, आत गेल्यावर कुनालापन वाचता आलं पायजे.”

इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशी, पाळण्याशिवाय, घुगऱ्यांशिवाय, इस्पितळाच्या व्हरांड्यात मितेशचं बारसं झालं. नर्सनं कानात म्हणून मास्कमधूनच “मितेश” म्हटलं आणि त्याला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे वीस दिवस आवडाबाई त्या वॉर्डात राहिली. तिथं आतड्याची आणि पोटाची सगळी पोरं. कुणाला गुदद्वारच नव्हतं, कुणाची आतडी जन्मतःच पोटाबाहेर आलेली, कुणाची अन्ननलिका मध्येच तुटलेली. आणि प्रत्येक आईजवळ एक गुन्हा होता. दुपारी डबे उघडले की बाया तो सांगायच्या.

“मी ग्रहणात पडवळ चिरलं,” हरिहरेश्वराकडची एक सांगू लागली. “विळीनं.”

“पडवळच ना? आणि आतडी बाहेर आली व्हय?” आवडाबाई म्हणाली. “मंग तुझ्या सासूनं जन्मभर मासळी कापली, तिच्या पोरांना कल्ले फुटायला पायजे होते.”

“आमच्यात म्हणतात, मी सापाला ओलांडून गेले.”

“मी तापाची गोळी खाल्ली.”

“मी मोबाईल पोटावर ठेवायचे.”

“मी बिळं बुजवली,” आवडाबाई म्हणाली. “नव्वद साली. आन् सूनबाईनं चिखलाचे चार गोळे उचलले. चार! आमच्यात परमान ठरलेलं हाय.”

तोंडाला पदर लावून बाया हसल्या. हसता हसता ती पडवळवाली रडायला लागली. आवडाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्या डब्यात सोड्यांची चटणी वाढली.

डिसेंबरच्या सव्वीस तारखेला येसाजीचा निरोप इस्पितळात आलेल्या बाळाजीच्या फोनवर आला. घर एकच, दोन भावांत विभागलेलं, ओटी सामाईक. त्या ओटीवरून येसाजीनं ठरवलं होतं की नेत्रानं इस्पितळातून परस्पर नागावला जावं. बाळाचं दुसरं ऑपरेशन होईस्तोवर तिनं माहेरी राहावं. पुढचं पुढं बघू. कारणं दोन. ती दिवसांत असून बांधावर गेली आणि ती कंपनीत विषाचा वास घेते. खोट तिच्याकडून आली, ती तिनं निस्तरावी.

“पुढचं पुढं म्हंजे काय?” आवडाबाईनं विचारलं.

बाळाजी खिडकीबाहेर बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्रज्योत म्हणाला, “काही दिवसच, आई.” नेत्रानं बाळाची पिशवी बदलली, हात धुतले आणि आपले कपडे वेगळ्या बॅगेत भरायला लागली. पुढचं पुढं म्हणून माहेरी गेलेल्या तीन बाया आवडाबाईला नावानिशी माहीत होत्या. एकही परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जनुकांच्या डॉक्टरबाईंकडे सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. गेलेल्यावर तिरकी रेघ. पेन्सिलीनं त्या घराणं काढू लागल्या.

“घरात अशी आजारी मुलं आधी कधी? लहानपणी गेलेली?”

“न्हाय,” बाळाजी म्हणाला. “आमच्या घरात असं कायपन न्हाय.”

तो खोटं बोलत नव्हता, हे आवडाबाईच्या एकदम लक्षात आलं. तो रीतीप्रमाणे मोजत होता. बारशाआधीचं पोर धरायचं नसतं. म्हणून त्यानं धरलं नाही. डॉक्टरबाईंच्या कागदावर बाळाजीचं घराणं धुतल्या तांदळासारखं उतरत होतं आणि त्याच्या टोकाला नेत्राचा एकटा गोल होता.

“बाई, खोडू नका, पन वर लिवा,” आवडाबाई म्हणाली. “चार हायत.”

“आवडे!” बाळाजी म्हणाला.

“यांच्या आयसला यांच्या आधी दोन पोऱ्ये झाले. आठ दिवसांच्या आत गेले, पोट फुगून. सासूनं मना कधी सांगितलं न्हाय, सुईणीनं सांगितलं. मोठ्या जावेला, कमळबायला, एक. शहाऐंशी साली, गौरी-गणपतीत. तापानं गेला म्हनतात, पन हिरवं ओकत व्हता, मी तवा नवी नवरी व्हते, फडकी मीच धुतली. आन् चौथा माझा. सात फेब्रुवारी एक्याण्णव ते अकरा फेब्रुवारी.”

डॉक्टरबाईंनी चार चौकोन काढले आणि चारांवर रेघा मारल्या. रेघ मारलेलं का असेना, आवडाबाईच्या थोरल्याला जगात पहिल्यांदा एक घर मिळालं. तिनं तो चौकोन नीट बघून घेतला.

“तिन्ही बायकांची माहेरं वेगवेगळी?” बाईंनी विचारलं.

“सासू पेणकडची, जाऊ उरणची, मी पोयनाडजवळची. सून नागावची. बाया चार गावच्या, बाई. घर एकच.”

मग डॉक्टरबाई सावकाश सांगू लागल्या. दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत या पेशी आतड्यात वरून खाली सरकत जातात. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात आणि शेवटचा भाग रिकामा राहतो. पाच हजारांत एखाद्या बाळाला असं होतं, मुलग्यांत जास्त. पुष्कळदा घराण्यात कुठंच काही सापडत नाही. पण काही घरांत एखाद्या जनुकातला बदल बापाकडून किंवा आईकडून उतरतो. ज्याच्याकडून उतरतो तो स्वतः धडधाकट असू शकतो. त्याच्या एका पोराला होतं, दुसऱ्याला होत नाही.

“म्हणजे प्रज्योत...” नेत्रा म्हणाली.

“असेल, नसेल. रक्त तपासल्यावर कळेल, आणि तपासूनही कधी कळत नाही. पण हा कागद बोलका आहे.”

“आणि माझी कंपनी?” नेत्रानं विचारलं. “पहिले तीन महिने मी जात होते.”

डॉक्टरबाईंनी उत्तर देण्याआधी पेन्सिल खाली ठेवली. “मी खोटा दिलासा देणार नाही. जन्मजात दोषांमध्ये बाहेरच्या गोष्टींचाही वाटा असतो. काहींत आईच्या मधुमेहाचा असतो, काहींत काही औषधांचा. या आजाराबद्दल अ जीवनसत्त्वाची कमतरता, काही गोळ्या, यांचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. माणसांत पक्कं काही नाही. तुमच्या कंपनीतल्या वासानं हे झालं असं म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. तिथं हातमोजे, मास्क मिळत नसतील तर त्यासाठी जरूर भांडा, सगळ्यांसाठी भांडा. पण हे चार चौकोन कंपनी यायच्या आधीचे आहेत.”

“आन् बांध?” आवडाबाईनं विचारलं. “पाचव्या महिन्यात बिळं बुजवली मी. ही आठव्यात व्हती.”

“पाचव्यात आतडं कधीच तयार झालेलं असतं, आजी. चिखलानं आतडं बुजत नाही. कुठल्याच महिन्यात.”

आवडाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षं तिला एक माणूस हवा होता ज्याच्या अंगावर हे फेकता येईल, आणि तो समोर चपला जुळवून बसला होता.

डॉक्टरबाईंनी ते ओळखलं असावं. “यांचाही दोष नाही हं,” त्या म्हणाल्या. “जनुकं कुणी निवडून घेत नाही.”

“कुनाचाच न्हाय,” आवडाबाई म्हणाली. “मंग तेहेतीस वर्सं माझा कसा व्हता?”

बाळाजीनं डोळ्यांवर रुमाल धरला. ती त्याला गप्प बस म्हणाली नाही आणि जवळही गेली नाही. रक्त द्यायची वेळ आली तेव्हा मात्र बाही वर करून पहिला तोच उठला.

“तुमच्या भावांनी आणि त्यांच्या मुलांनीही तपासून घ्यावं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “विशेषतः कुणाला दिवस असतील तर. आधी माहीत असलं की बाळ जन्मल्यावर दोन दिवसही फुकट जात नाहीत.”

दिवस होते. येसाजीची मुलगी प्राप्ती पनवेलला दिलेली, तिला सातवा चालू होता. आता आवडाबाईला दिराची ओटीवरची घाई समजली. भावकीतली खोट बाहेर पडली तर प्राप्तीच्या सासरी काय होईल, हे येसाजीला कळत होतं. त्यानं चारही पोरं मनातल्या मनात केव्हाच मोजली होती. आपली मुलगी वाचवायला तो दुसऱ्याची मुलगी नागावला धाडत होता.

एकतीस तारखेला आवडाबाई एक दिवस गावी आली आणि सरळ कमळबायच्या मागीलदारी गेली. कमळबाय वाल सोलत बसली होती. आवडाबाई तिच्यासमोर बसली आणि तीही सोलू लागली.

“जाऊबाय, तुमच्या पोऱ्याला कागदावर घेतलाय.”

कमळबायचे हात थांबले नाहीत. “कनचा पोऱ्या? मना एक पोरगीच हाय.”

“गणपतीतला.”

“बारशाआधी गेलेला मोजत न्हाईत गो.”

“मी मोजला. फडकी मी धुतलीवती.”

बराच वेळ वालांच्या साली पाटीत पडत राहिल्या. “त्याच्या डोक्यावर भोवरे दोन व्हते,” कमळबाय एकदम म्हणाली. मग तोंड मिटलं. “घरधनी म्हनतील तसं. मी मधी बोलनार न्हाय, आवडे. माझी पोर पनवेलला हाय.”

“तुमच्या पोरीला पोऱ्या झाला आन् त्याचं पोट फुगलं, तर सासरचे काय म्हनतील? कंपनी म्हनतील, ग्रहन म्हनतील, आन् वाट बघतील. पाच दिस.” आवडाबाई उठली. “नेत्राला मंगळवारी आनतेय. पुढच्या दारानं.”

दोन जानेवारीला दुपारी गाडी दाराशी थांबली तेव्हा येसाजी ओटीच्या पायरीवर बसला होता. सोबत भावकीतले हिरामण आणि कोंडाजी. शेजारच्या घरांच्या खिडक्या उघड्या होत्या. नेत्रा मितेशला घेऊन उतरली. प्रज्योत दोन्ही बॅगा घेऊन गाडीपाशीच उभा राहिला.

“गाडी नागावला न्यायची ठरलीवती,” येसाजी म्हणाला.

“तुमचं ठरलंवतं,” आवडाबाई म्हणाली.

“बाळाजी, तुझी बायको काय बोलते ऐकतंस ना?”

बाळाजीनं घसा खाकरला. “ऐकतोय, दादा,” तो म्हणाला. “रक्त मी पन दिलंय.”

हिरामणनं कोंडाजीकडे बघितलं. येसाजीचा चेहरा लाल झाला. “रक्ताचं काय काढतंस चारचौघांत? आमच्या घरान्यात खोट न्हाय! ही बाई दिवसांत बांधावर गेली, ती कंपनीत गेली—”

“भावजी, तुमच्या आयसनं कनची कंपनी बघलीवती?” आवडाबाईनं आवाज चढवला नाही, पण खिडक्यांपर्यंत पोचेल असा ठेवला. “तिचे दोन गेले. माझा एक गेला, तो तुमीच नेलात. मी चिखलात हात घातला म्हनून गेला म्हनालात. तेहेतीस वर्सं मी ते गप ऐकलं, माझी चूक झाली. आता सून आत जानार. तिच्या लेकराला नाव हाय. पोटावर पिशवी हाय, सा महिन्यांनी निघंल. कुनाला बघायची असंल तर समोरून बघा, खिडकीतून नको.”

एक खिडकी लागली. येसाजी पायरीवरून हलला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला आणि प्रज्योतनं एक बॅग खाली ठेवली, जणू गाडी पुन्हा निघायची आहे.

तेवढ्यात आतून कमळबाय बाहेर आली. तिच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. येसाजीच्या पाठीमागं ती थांबली.

“जरा सरका.”

“तू आत जा.”

“बाळंतीण दारात उन्हात उभी हाय. सरका म्हनते ना.” तांब्यातलं पाणी येसाजीच्या खांद्यावर सांडलं. “आन् हिरामण, कोंडाजी, तुमी साक्षीला बसलात ते बरं झालं. ऐकून ठेवा. मना दोन पोरं. एक पोऱ्या, एक पोर. पोऱ्या शहाऐंशी साली गेला, पोट फुगून गेला. ताप न्हवता त्याला.”

येसाजीनं मान वर करून बायकोकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिचा हा आवाज त्यानं ऐकला नसावा. मग तो एका बाजूला सरकला. फार नाही, एक माणूस जाईल इतका.

कमळबायनं नेत्रावरून आणि मितेशवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं. नेत्रा पायरी चढून आत गेली. प्रज्योतनं बॅग उचलली आणि तिच्यामागं गेला.

आवडाबाई सगळ्यांत शेवटी चढली. दिराच्या शेजारी आल्यावर ती थांबली.

“भावजी, गुरुवारी सकाळच्या बोटीनं मुंबईला जायचं हाय. तुमी हितून, प्राप्ती पनवेलवरून. रक्त द्यायला.”

येसाजीनं खांद्यावरचं पाणी पुसलं.

“उपाशीपोटी जावं लागत न्हाय,” ती म्हणाली. “भाकरी खाऊन निघा. मी बांधून देईन.”